बाळासाहेब खेर : मुंबईचे मंत्रिमंडळ ते लंडन



बाळ गंगाधर खेर हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असावे. १८८८ साली रत्नागिरीस जन्मलेले हे सॉलिसिटर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. जानेवारी १९३८ मध्ये बाबासाहेब शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन त्यांच्याकडे गेले. खोती तेव्हा हटली नाही. त्याच वर्षी सरकारने आपल्याला कायद्यात ‘हरिजन’ म्हणायचे ठरविले; स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी सभात्याग केला. ७ नोव्हेंबरला संपाचा हक्क आवळणाऱ्या काळ्या कायद्याविरुद्ध आपल्या चिंचपोकळी-परळच्या गिरणगावात कामगारांनी एक दिवसाचा संप केला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, १९४६ ते १९५२ या त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत मंदिरप्रवेशाचा (१९४७) व खोती नष्ट करणारा (१९४९) कायदा झाला. पुढे १९५४ पर्यंत ते लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. ८ मार्च १९५७ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या कायद्याने देवळाचे दार उघडले, पण लादलेले नाव पुसले नाही. ते आपणच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला टाकले. म्हणून मुलाला शाळेत घालताना धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहा. १९९० च्या दुरुस्तीनंतर त्यामुळे सवलती जाण्याची भीतीही उरलेली नाही.

जय भीम!