दादासाहेब फाळके आणि हरवलेल्या चित्रांचा शोध

थोर पुरुष काळाच्या पडद्याआड गेला म्हणजे त्याच्या मागे उरलेल्या कृतींवरून आपण त्याची ओळख करून घेतो. कवीच्या मागे त्याचा ग्रंथ उरतो, गवयाच्या मागे त्याची शिष्यपरंपरा उरते. आमच्या ग्वाल्हेरच्या गडावरील चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. त्यात कोरलेले शून्य अकराशेहून अधिक वर्षे ऊनपाऊस सोसून आजही वाचता येते. हद्दूखाँ आणि हस्सूखाँ यांचे गाणे टिपून ठेवण्याचे कोणतेही यंत्र त्या काळी नव्हते. तरीही ते वासुदेवबुवा जोशी यांच्यासारख्या शिष्यांनी जतन केले आणि त्यांच्याकडून ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेले. दगडाने एक ठेवा राखला, कंठाने दुसरा राखला. परंतु ज्याची सारी कृती दगडाहून कितीतरी नाजूक अशा फितीवर उमटलेली होती, त्याचे काय झाले? भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांचा आपण गौरव करतो, त्या दादासाहेब फाळके यांचे चरित्र सांगताना हा प्रश्न टाळता येत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते. घरी पूजाअर्चा, पुराणे आणि शास्त्र यांचे वातावरण होते. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाल्यामुळे कुटुंब मुंबईस आले आणि १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. कलाशाळेत नाव घातले. पुढे बडोद्यास कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला. रंग, साचे, भिंगे, रसायने, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्यांची गोडी त्यांना होती. प्रोफेसर केल्फा हे नाव धारण करून ते जादूचे खेळही करीत. फाळके हेच आडनाव उलटे वाचून त्यांनी हे नाव बनविले होते, हे आमच्या चतुर वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

हा मार्ग सुखाचा मात्र नव्हता. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तोच प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि अपत्य दोघेही दगावले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नी सरस्वतीबाई. त्यांच्यावाचून पुढील कथा घडलीच नसती असे आम्हांस वाटते. काही काळ दादासाहेबांनी सरकारी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीत ती सोडून त्यांनी छपाईचा कारखाना काढला, आणि रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवासही केला. परंतु भागीदारांशी मतभेद होताच ते तेथून रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटलेली, संसार पाठीशी आणि हाती उद्योग नाही, अशी त्यांची स्थिती होती.

अशा वेळी, १९११ च्या ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता, आणि दादासाहेबांच्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण चालू लागले. त्या दिवसापासून त्यांस दुसरे काही सुचेना. मिळतील ती चित्रे ते पाहत, मिळतील ती पुस्तके वाचीत. जागरणांनी डोळ्यांस अपाय होऊन काही काळ दृष्टीच जाण्याची वेळ आली, परंतु उपचाराने ती परत मिळाली. विम्याची कागदपत्रे गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या आरंभी लंडन गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रनिर्मितिगृहात त्यांनी सारे काम जवळून पाहिले. मग कॅमेरा, फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि इतर साहित्य यांची व्यवस्था करून ते स्वदेशी परतले.

आता धनिकांची खात्री पटविणे आवश्यक होते. त्यासाठी दादासाहेबांनी जी युक्ती योजिली, ती आमच्या विद्यार्थिमित्रांनी अवश्य ध्यानात घ्यावी. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. फीत पडद्यावर चालविताच अनेक दिवसांत वाढलेले रोप पाहता पाहता मातीतून डोके वर काढून पाने पसरू लागले. निसर्गाने मंदगतीने केलेले काम क्षणांत दिसावे, ही त्या काळी जादूच होती. या चिमुकल्या चित्राने भांडवल मिळवून दिले. उरलेली उणीव सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढली.

दादरच्या बंगल्यात राजा हरिश्चंद्राचे चित्रण सुरू झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रेय दाबके. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणास लुगडे नेसवावे लागले. रोहिदास झाला फाळक्यांचाच पुत्र भालचंद्र. सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फितीला छिद्रे पाडीत, ती धूत, वाळवीत. सुमारे सात महिन्यांच्या श्रमाने ३,७०० फूट लांबीचे, चार रिळांचे चित्र तयार झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रगृहात ते लोकांसमोर आले. चित्र मूक होते, परंतु मधून मधून इंग्रजी आणि हिंदी मजकुराच्या पाट्या होत्या. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतही त्याचा मार्ग मोकळा झाला.

पुढे दादासाहेबांनी आपले ठाणे नाशिकास हलविले. मोहिनी भस्मासुर या चित्रात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमळाबाई या स्त्रियांनीच भूमिका केल्या. १९१४ मध्ये ते आपली चित्रे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याची मागणी त्यांस आली, तरी ते मायदेशी परतले. १९१७ च्या लंकादहनाने मात्र लक्ष्मी प्रसन्न झाली. या चित्रात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. १९१८ मध्ये श्रीकृष्णजन्म आणि १९१९ मध्ये कालियामर्दन निघाले. या दोन्ही चित्रांत बालकृष्णाचे काम दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले.

याच काळातील एक छोटे चित्र आमच्या बालवाचकांना विशेष आवडले असते. त्याचे नाव आगकाड्यांची मौज. १९१५ च्या सुमारास दादासाहेबांनी आगपेटीतील काड्यांनाच नट बनविले. काड्या मांडावयाच्या, एक चित्र घ्यावयाचे, त्या किंचित सरकवावयाच्या, पुन्हा एक चित्र घ्यावयाचे, असा तो क्रम. त्या काळी पडद्यावर सेकंदास साधारण सोळा चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटाच्या गंमतीसाठी काड्या सुमारे साडेनऊशे वेळा हलवाव्या लागत. आज दूरचित्रवाणीवर बाहुल्या नाचताना पाहून मुले टाळ्या पिटतात. निर्जीव वस्तूंना असे चालविण्याचा खेळ आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी गृहस्थाने, युद्धकाळातील टंचाई सोसून, धीराने मांडला होता.

परंतु हे आगकाड्यांचे चित्र आज कोणासही पाहता येत नाही. वाटाण्याच्या रोपाचे चित्रही नाहीसे झाले. दादासाहेबांनी सुमारे ९५ मोठी आणि २६ छोटी चित्रे निर्मिली असे सांगतात. त्यांतील फारच थोडी, आणि तीही बहुतांशी तुकड्यांच्या रूपाने उरली आहेत.

असे का व्हावे? त्या काळची फीत नायट्रेट सेल्युलॉइडची असे. ती ठिणगी लागताच भडकते, एकदा पेटली की पाण्यानेही सहसा विझत नाही. उष्ण आणि दमट हवेत ती आपोआप कुजते. आधी चिकट होते आणि शेवटी तपकिरी भुकटी होऊन डब्याच्या तळाशी बसते. चित्राच्या मोजक्याच प्रती निघत आणि गावोगावच्या खेळांत त्या झिजून जात. १९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटास गिऱ्हाईक उरले नाही. मग जुन्या रिळांतील चांदी काढून घेण्यासाठी ती विकली गेली आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्यादेखील झाल्या. ज्या फितीवर कृष्ण नाचला, तीच फीत बांगडी होऊन कुणाच्या मनगटावर फुटली असेल, ही कल्पनाही मनास चटका लावते.

दादासाहेबांचे स्वतःचे दिवसही पालटले. भागीदारांशी न पटल्याने ते मध्यंतरी काशीस जाऊन राहिले, तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. परत येऊन त्यांनी पुन्हा चित्रे काढली. १९३७ मध्ये कोल्हापूरला त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. परंतु काळ पुढे गेला होता. आवाजाच्या नव्या दुनियेत मूकपटाच्या आद्य शिल्पकारास काम उरले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देऊ लागले. नाव अजरामर झाले, चित्रे मात्र डब्यांत कुजत होती.

येथून या चरित्राचा दुसरा भाग सुरू होतो, आणि त्याचे नायक आहेत पी. के. नायर. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि नायर लवकरच तेथे रुजू झाले. केरळातून आलेल्या या गृहस्थाने एका मराठी माणसाच्या चित्रांसाठी नाशिकच्या वाऱ्या केल्या. फाळके कुटुंबीयांकडे जपून राहिलेली रिळे त्यांनी मिळविली. राजा हरिश्चंद्राच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोनच हाती आली, मधली दोन नाहीतच. ही रिळेही मूळ १९१३ च्या चित्राची नसून दादासाहेबांनी १९१७ मध्ये तेच कथानक पुन्हा चित्रित केले त्याची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. कालियामर्दनाची अवस्था निराळी होती. त्याचे पुष्कळसे भाग सापडले, पण ते विस्कळीत. एकेक तुकडा ओळखून, क्रमाने लावून ते चित्र पुन्हा उभे करावे लागले. आज ते पाऊण तासाच्या आसपास पाहता येते. आरंभी चिमुकली मंदाकिनी पडद्यावर येऊन चेहऱ्यावरील निरनिराळे भाव दाखविते, आणि पुढे तीच कृष्ण होऊन गोकुळात खोड्या काढते व कालिया नागाशी झुंजते. एक शतक उलटून गेले तरी त्या मुलीचे हसू ताजे आहे. चित्रे कशी तयार होतात हे दाखविण्यासाठी दादासाहेबांनी काढलेल्या लघुपटाचा काही भागही वाचला आहे. त्यात खुद्द दादासाहेब फीत हाती घेऊन काम करताना दिसतात.

सापडलेली रिळे डब्यात परत ठेवून भागत नाही. त्यांच्या नव्या, सहसा पेट न घेणाऱ्या फितीवर नकला कराव्या लागतात. या कामाचे मोल जानेवारी २००३ मध्ये कळून आले. पुण्यातील चित्रपटसंस्थेच्या आवारातील कोठारास आग लागली आणि नायट्रेटची हजारो रिळे भस्मसात झाली. ज्या चित्रांच्या नकला आधीच झाल्या होत्या, ती त्या आगीतूनही जगली. ज्यांच्या झाल्या नव्हत्या, त्यांस वाचविण्याचा मार्ग उरला नाही. नायर १९९१ मध्ये निवृत्त झाले आणि ४ मार्च २०१६ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांनी स्वतः चित्रपट काढून कीर्ती मिळविली नाही. दुसऱ्याने केलेले राखले. परंतु त्यांनी राखले नसते, तर दादासाहेब आज आपणांस केवळ पुस्तकातील नाव म्हणून उरले असते.

विद्यार्थिमित्रहो, या कथेतून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. निर्मिती करणारा आणि जतन करणारा, असे दोघे एकत्र आले म्हणजेच कृती पुढील पिढीस पोहोचते. पहिला मान प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. परंतु दुसरा आपणांपैकी प्रत्येकास मिळू शकतो. लष्करच्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरील पेट्यांतून, आजोबा-पणजोबांच्या ट्रंकांतून किती तरी वस्तू पडून आहेत: मोडीतील पत्रे, नाटकांच्या हस्तलिखित वह्या, छायाचित्रांच्या काचा, ध्वनिमुद्रिका, क्वचित एखादे रीळही. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याच्या हाती देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे. त्यावर कोणाचे नाव आहे, कोणते साल आहे, हे एका कागदावर लिहून ठेवावे. जुनी फीत सापडलीच, तर ती विस्तवापासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी आणि जाणकारांस कळवावे.

आगकाड्यांची ती मौज कोणत्या डब्यात मातीस मिळाली, हे आता सांगता येणार नाही. परंतु आपल्या घरातील ठेवा मातीस मिळू न देणे हे आपल्या हाती आहे. ज्या पुरुषाने बीजातून रोप उगवताना साऱ्यांस दाखविले, त्याच्या स्मृतीस आमच्या विद्यालयाकडून याहून योग्य वंदन दुसरे कोणते असणार?