औंधच्या राजाने दिलेले कर्ज

गेल्या पावसाळ्यात कंबरेच्या दुखण्यापायी सांगलीत एमआरआय काढावा लागला. यंत्र कुठले, असे मी विचारले. परदेशातले, असे उत्तर आले. मग त्या बोगद्यात ठकठक ऐकत निश्चल पडलो असताना मला आठवले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर.

१८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईला गेले. रंगांची ओळख डोळ्यांना नीट होत नाही असे निघाले, तेव्हा ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत; सुरुवातीचे नांगर पडून राहिले. पुढे कारखान्याची जागाही सोडावी लागली.

तेव्हा आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर निवडुंगाचा माळ दिला. १९१० मध्ये तिथे, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली लक्ष्मणराव गेले, तोवर त्या माळाचे नाव देशभर झाले होते.

मी जन्मभर बँकेत कर्जप्रकरणे तपासली. नोकरी सोडलेला, जागेवरून उठवलेला अर्जदार आणि तारणाला निवडुंग! मी फाइल परतच केली असती. एकदा तसे केलेही. इस्पितळांची उपकरणे बनवू पाहणाऱ्या एका तरुणाच्या अर्जावर मी 'बाजारपेठ अनिश्चित' असा शेरा मारला. तो पुन्हा शाखेत आला नाही.

एमआरआयचा जीव त्याच्या चुंबकात असतो. त्याच्या तारा द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवाव्या लागतात. जुन्या पद्धतीच्या यंत्रांना हजार-दीड हजार लिटर हेलियम लागते. नव्या बंदिस्त चुंबकांत दहा लिटरही पुरत नाही असे नाही. आपल्याकडेही मुंबईच्या 'समीर' संस्थेच्या पुढाकाराने १.५ टेस्लाचे देशी यंत्र तयार झाले. ते चाचण्यांसाठी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये बसवण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला.

चाचण्या पार पडल्या तरी लोखंडी नांगराचीच अडचण पुढे उभी राहील: पहिला घेणारा कोण? त्या यंत्राच्या कर्जाची फाइल ज्याच्या टेबलावर येईल, त्याने शेरा मारण्याआधी एकदा किर्लोस्करवाडी स्टेशनावर उतरून यावे.