तुमच्या हार्ड डिस्कला ड्रायव्हर का लागत नाही? अ‍ॅलन शुगार्ट यांची गोष्ट

कॉलेजच्या लॅबमधला पीसी असो की ऑफिसने दिलेला लॅपटॉप, अ‍ॅडमिन पासवर्ड आपल्याकडे नसतो. साधं एक सॉफ्टवेअर टाकायचं तरी आयटीवाल्यांच्या मागे लागावं लागतं. पण पोर्टेबल हार्ड डिस्क लावली, की ती बहुतेक वेळा काहीही इन्स्टॉल न करता सुरू होते. असं का होतं ते सांगायचं तर अ‍ॅलन शुगार्ट या माणसाबद्दल सांगावं लागेल.

शुगार्ट यांचा जन्म १९३० साली लॉस एंजेलिसमध्ये झाला. १९५१ मध्ये इंजिनिअरिंग फिजिक्सची डिग्री घेतली आणि लगेच आयबीएममध्ये लागले. काम होतं ग्राहकांकडे जाऊन मशीन दुरुस्त करायचं. पुढे सॅन होजेच्या लॅबमध्ये ते रॅमॅकवर काम करू लागले. १९५६ मध्ये बाजारात आलेली ही पहिली हार्ड डिस्क. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, वजन टनाच्या घरात आणि जागा फक्त ५० लाख अक्षरांची. आज तुमच्या फोनमधला एखादा मोठा फोटोही त्यात मावणार नाही. आयबीएममध्येच त्यांच्या हाताखालच्या टीमने फ्लॉपीचं काम सुरू केलं. तीच फ्लॉपी, जी आता आपल्याला फक्त सेव्हच्या आयकॉनमध्ये दिसते.

१९६९ मध्ये ते मेमोरेक्सला गेले आणि त्यांच्यामागोमाग आयबीएमचे कितीतरी इंजिनिअरही गेले. १९७३ मध्ये त्यांनी शुगार्ट असोसिएट्स ही स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तिथून बाहेर पडायची वेळ आली. दारावरच्या पाटीवर नाव तुमचं, आणि आत तुम्हीच नाही! मग त्यांनी मित्रांबरोबर एक बार घेतला, एक बोट घेतली आणि चक्क सॅमन मासे पकडायला सुरुवात केली.

आपल्या कामाची गोष्ट घडली ती नेमकी ते नसताना. त्या काळी कॉम्प्युटरला डिस्कची अख्खी कुंडली माहीत असावी लागायची: चकत्या किती, हेड किती, ट्रॅक किती. डिस्क बदलली की सगळं नव्याने. शुगार्ट असोसिएट्समध्ये लॅरी बाऊचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक इंटरफेस बनवला. त्यात कॉम्प्युटरने फक्त अमुक नंबरचा ब्लॉक दे एवढंच म्हणायचं. तो कुठे आहे ते डिस्कच्या बाजूचा कंट्रोलर बघेल. नाव ठेवलं शुगार्ट असोसिएट्स सिस्टम इंटरफेस. १९८६ मध्ये याचं अधिकृत स्टँडर्ड झालं. पण स्टँडर्डमध्ये एका कंपनीचं नाव कसं चालणार? म्हणून शुगार्टच्या जागी स्मॉल कॉम्प्युटर आलं आणि स्कझी हे नाव रूढ झालं. माझ्या मते याचं खरं श्रेय बाऊचर यांचंच. पण नाव निघालं ते शुगार्टांचं.

स्कझीची तारेची जाड केबल केव्हाच गेली, आज्ञांची भाषा मात्र राहिली. यूएसबी हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह आजही हीच भाषा बोलतात. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांना ती आधीपासून येते, म्हणून वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सवर डिस्कचं नाव एसडीए असं दिसतं ना, त्यातलं एसडी म्हणजे स्कझी डिस्क.

इकडे १९७९ मध्ये फिनिस कॉनर यांनी शुगार्ट यांना पुन्हा धंद्यात ओढलं. शुगार्ट टेक्नॉलॉजी हे नाव वापरता आलं नाही, मग कंपनी झाली सीगेट. १९८० च्या त्यांच्या सव्वापाच इंची डिस्कमध्ये ५ एमबी मावायचे. म्हणजे रॅमॅकएवढीच जागा, पण आता टेबलावर! १९९८ मध्ये सीगेटनेही त्यांना काढलं. माणूस मात्र भारीच अवली: १९९६ मध्ये त्यांनी आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकन संसदेच्या निवडणुकीत उतरवायचा घाट घातला होता, आणि २००० मध्ये कॅलिफोर्नियात मतपत्रिकेवर आपल्या नोटासारखा पर्याय यावा म्हणून मोहीम चालवली. ती हरली. डिसेंबर २००६ मध्ये ते गेले.

आता खरेदीचं. बंधनं असलेल्या कॉम्प्युटरसाठी डिस्क घेताना एकच प्रश्न विचारा: ही फक्त ती जुनी भाषा बोलते, की स्वतःचं सॉफ्टवेअरही चालवायला लावते? पासवर्डसाठी आधी एक प्रोग्रॅम उघडा म्हणणाऱ्या डिस्क लॅबच्या पीसीवर अडकतात, तेही नेमकं सबमिशनच्या दिवशी. लॉक हवंच असेल तर डिस्कवरच नंबरांची बटणं असलेला प्रकार घ्या. महाग पडतो, पण पिन डिस्कवरच टाकायचा असल्यामुळे कॉम्प्युटरवर काही चालवावं लागत नाही. अडीच इंची घ्या, वेगळा अ‍ॅडॅप्टर नको. फॉरमॅट एक्सफॅट ठेवा: एनटीएफएस डिस्कवर मॅक स्वतःहून लिहू देत नाही, आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही बसत नाही. बॉक्सवर यूएएसपी लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. फिरत्या चकतीच्या डिस्कला त्याचा फारसा फायदा नाही.

आणि आयटीवाल्यांनी यूएसबी स्टोरेजच बंद केलं असेल, तर कुठलीही डिस्क चालणार नाही. तिथे जुगाड करू नका, सरळ परवानगीचा मेल टाका.