अंगणातली शाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या आम्ही पाचजणी तोरणमाळला गेलो होतो. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे गाडीत भरले होते. घाटात दरड आल्यामुळे दोन तास अडकलो. वर पोचून वाटप केलं, फोटो काढले आणि अंधाराच्या आत परत निघालो. वाटेत एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका भेटली. पाड्यातलीच पावरा बाई. भर पावसात बाळांची वजनं घ्यायला निघाली होती. मनात आलं, आम्ही तर चाललो, उद्या रस्ता बंद झाला तर इथे उरणार ती हीच! आणि आठवल्या ताराबाई मोडक.

ताराबाई माहेरच्या केळकर, जन्म १८९२ चा. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. तरी बाई खचल्या नाहीत. राजकोटला नोकरी केली, मग भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात रमल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. नाव झालं होतं. पण शहरातल्या मुलांचं ठीक, खेड्यातल्यांचं काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ, लहानपणीच विधवा झालेल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम सुरू झालं. मुलं गुरं राखायला जायची, म्हणून कुरणातच शाळा भरवली. महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, पानं, बिया घेतल्या. खेड्यात काम करणाऱ्या बालसेविकाही तयार केल्या. बाहेरून आणलेली वस्तू संपते, मोडते. तिथल्याच माणसाला आलेलं काम तिथेच राहतं, हे त्यांनी करून दाखवलं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

घरी आल्यावर मला आमच्या फोटोंची लाजच वाटली. दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा आधी त्या सेविकेलाच विचारलं, ताई, काय हवं? तिने कपडे मागितले नाहीत. एक ताडपत्री मागितली. आणि पाड्यावरच्या चार मुलींना जखम बांधायला, जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवाल का, म्हणाली.

आमच्यातली एकजण निवृत्त नर्स आहे. दोन दिवस राहिलो, शिकवलं. या पावसाळ्यात रस्ता बंद पडला, तर पाड्यावर निदान पाचजणी तयार असतील. आणि त्या तिथल्याच असतील.