शाळेत न टिकणारे मूल आणि ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज घराघरांत माहीत आहे. पण या कल्पनेची पायवाट आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात पडली, आणि ती पाडणाऱ्या बाईंचे नाव ताराबाई मोडक, हे भिवंडीतल्या अनेकांना ठाऊक नसते. शाळेत न रमणाऱ्या, त्रास देणाऱ्या, शाळेने परत पाठवलेल्या मुलांचे काय करायचे, या प्रश्नाला ताराबाईंच्या आयुष्यातून बरेच काही सापडते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींना जेमतेम अक्षरओळख मिळण्याच्या त्या काळात ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे वेगळे झाले. त्यानंतर ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची आणि पगाराची नोकरी सोडून पुढे त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विचारातून ते डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीकडे वळले होते. माँटेसरीबाई इटलीतल्या डॉक्टर. १८९६ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि सुरुवातीला रोममध्ये मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांबरोबर काम केले. या मुलांच्या हाताला वस्तू आणि काम मिळाले की ती शिकतात, हे त्यांनी पाहिले. मग १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. म्हणजे जगभर पसरलेल्या या पद्धतीचे मूळ शाळेने नाकारलेल्या मुलांतच आहे.

ताराबाईंनी ही पद्धत गिजुभाईंकडून घेतली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मुलाला मारू नये, भीती दाखवू नये, त्याला हाताने करू द्यावे, हे विचार त्यांनी शिक्षण पत्रिकेतून पालकांपर्यंत नेले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. तिथे सुशिक्षित मध्यमवर्गाची मुले येत. पण देशातली बहुसंख्य मुले खेड्यात आणि गरिबीत होती, आणि माँटेसरीची साधने महाग होती.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याबरोबर आल्या. बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीतली गरीब मुले येईनात. अशा वेळी मुले उनाड आहेत, पालकांना कदर नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. ताराबाईंनी मुले का येत नाहीत हे पाहिले. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत होते, कोणाला अंगावर धड कपडा नव्हता, कोणाला अनोळखी जागेची भीती होती. मग बालवाडीच वस्तीत गेली, घरापुढच्या अंगणात भरू लागली. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी, गोष्टी आणि खेळ घ्यायचे. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, शिंपले, माती, बांबू आले.

पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांना वर्गात बसणे शक्य नव्हते, म्हणून कुरणातच शाळा भरवली गेली. तिचे नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवल्याने धाकट्या भावंडासाठी मोठीची शाळा बुडेना. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

ताराबाईंची मुले आजारी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. भावनिक किंवा वर्तनाचा त्रास असलेल्या मुलाला प्रेमळ शाळेबरोबर अनेकदा उपचारही लागतात. पण दोष देण्याआधी कारण शोधण्याची त्यांची रीत दवाखान्यातही तितकीच लागू पडते. भिवंडीच्या सरकारी रुग्णालयात पालक मुलाला घेऊन येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, याला कोणत्या शाळेत घालू? त्याच्या आधीचा प्रश्न आहे, हा असा का वागतो?

कान फुटून कमी ऐकू येणारे मूल सूचना पाळत नाही. नजर अधू असलेले मूल फळ्याकडे पाहत नाही. काही सेकंद एकटक पाहत राहणारे मूल कधी कधी बारीक फिटने त्रस्त असते. रात्रभर मागाच्या खडखडाटात न झोपलेले मूल सकाळी चिडते. वाचता न येणारे मूल नेमके वाचनाच्या तासाला दंगा करते. घरातली मारहाण किंवा जवळच्या माणसाचा मृत्यूही वागण्यातून बाहेर पडतो. अतिचंचलतेचे निदान करताना लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झाली का, सहा महिने टिकली का, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे पाहावे लागते. फक्त शाळेतच त्रास असेल, तर शाळेतली परिस्थितीही तपासायला हवी.

शाळा निवडताना इमारत आणि माध्यमाच्या प्रतिष्ठेपेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. वर्गात मुले किती? मूल बिथरले की शिक्षक काय करतात? त्याला थोडा वेळ बाहेर शांत बसू देतात का? आणि घरात उर्दू, तेलुगू, हिंदी किंवा मराठी जे बोलले जाते, ते शाळेत कोणाला कळते का? बहुतेक मुलांना वेगळी शाळा लागत नाही. नेहमीच्या शाळेतच पुढचा बाक, छोटी कामे, ठरलेले वेळापत्रक आणि एक समजूतदार शिक्षक पुरतो. तीव्र स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असेल, तर विशेष शाळेचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येत नाही, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता, मानसिक आजार आणि अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळू शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची मोफत तपासणी करतात. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे.

शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली, तर ती घेऊन थेट मुलाला मारू नका. आधी कान, डोळे, झोप आणि वाचन तपासून घ्या. दोन आठवडे मूल कधी, कुठे आणि कोणासमोर बिथरते, हे वहीत लिहा. तीच वही घेऊन शिक्षकांना आणि डॉक्टरांना भेटा. उपचार आणि शाळा, दोन्हीचा निर्णय त्यावरून सोपा होतो.