विश्लेषण : कायदा मोडून भारतात आलेल्या युआन श्वांगला चीनच्या सम्राटाने माफ का केले?

इ.स. ६४५. तांग साम्राज्याची राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शिआन शहर. एका भिक्खूला पाहण्यासाठी रस्त्यांवर मोठी गर्दी झाली होती. त्याच्यासोबत घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. साधारण सोळा वर्षांपूर्वी हाच भिक्खू याच शहरातून गुपचूप निघाला होता आणि त्याला पकडण्याचे हुकूम सुटले होते. शाळेच्या इतिहासात युआन श्वांग किंवा ह्युएन त्संग या नावाने आपल्याला भेटणारा प्रवासी तो हाच.

देश सोडायला बंदी का होती?

तांग घराणे ६१८ मध्ये सत्तेवर आले. सीमेवर तुर्कांचा धोका कायम असल्याने परवानगीशिवाय बाहेर जाण्यास मनाई होती. युआन श्वांगची अडचण वेगळी होती. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे एकमेकांशी जुळत नव्हती. मूळ संस्कृत ग्रंथ वाचल्याशिवाय खरे काय ते कळणार नाही, अशी त्याची खात्री झाली. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही. ६२९ च्या सुमारास तो तसाच निघाला.

तो सीमेपार कसा गेला?

त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रानुसार, सीमेजवळच्या एका अधिकाऱ्याच्या हाती अटकेचा हुकूम आला होता. त्या अधिकाऱ्याने तो कागद युआन श्वांगसमोरच फाडून टाकला. पुढे वाटाड्याने साथ सोडली. वाळवंटात पाण्याची पखाल सांडली आणि अनेक दिवस पाण्याविना काढावे लागले.

तुर्फानजवळच्या गाओचांगच्या राजाने त्याला कायमचे ठेवून घ्यायचा हट्ट धरला. युआन श्वांगने अन्नत्याग केला, तेव्हा राजा नमला. परतताना तीन वर्षे इथे राहीन, असा शब्द त्याने राजाला दिला. मग राजानेच घोडे, पैसे आणि पुढच्या राजांसाठी पत्रे दिली.

भारतात त्याने काय केले?

नालंदा येथे त्याने आचार्य शीलभद्रांकडे अध्ययन केले. सम्राट हर्षवर्धनाने कनोजच्या धर्मसभेत त्याचा सन्मान केला. तो महाराष्ट्रातही आला. हर्षाला दाद न देणारा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि त्याचे युद्धातले हत्ती यांची नोंद त्याने केली. अजिंठ्याची मानली जाणारी लेण्यांची वर्णनेही त्याच्या वृत्तांतात आहेत.

परतीच्या वाटेवर काय झाले?

सिंधू ओलांडताना काही हस्तलिखिते वाहून गेली. गाओचांगच्या राजाला दिलेला शब्दही पाळता आला नाही. ६४० मध्ये तांग सैन्याने ते राज्य जिंकले होते आणि राजाही हयात नव्हता. युआन श्वांग दक्षिणेच्या मार्गाने खोतानला पोहोचला. तिथून त्याने सम्राटाला पत्र पाठवून गुन्हा कबूल केला आणि उत्तराची वाट पाहिली.

माफी का मिळाली?

सम्राट ताईझोंगचे लक्ष आता पश्चिमेकडे होते. तिथले रस्ते, राजे, पिके आणि चालीरीती स्वतः पाहिलेला माणूस त्याला हवाच होता. त्याने भिक्खूची वस्त्रे सोडून दरबारात पद स्वीकारण्याचा आग्रह धरला. युआन श्वांगने पद नाकारले, मात्र प्रवासाचा वृत्तांत लिहून देण्याचे मान्य केले. ६४६ मध्ये तो ग्रंथ पूर्ण झाला. बदल्यात त्याला भाषांतरासाठी राजाश्रय मिळाला. ६६४ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले.

आपल्यासाठी महत्त्व काय?

त्याच्या दृष्टीने खरे काम भाषांतराचे होते. भारताच्या इतिहासाला मात्र सम्राटासाठी लिहिलेला वृत्तांतच अधिक उपयोगी पडला. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्यातल्या दिशा आणि अंतरांचा माग काढत नालंदाच्या अवशेषांची ओळख पटवली. ज्या विद्यापीठासाठी युआन श्वांगने कायदा मोडला, त्याची विसरलेली जागा बाराशे वर्षांनी त्याच्याच नोंदींवरून सापडली.