प्रार्थनेला कष्टांची जोड : पंडिता रमाबाई

येशू ख्रिस्ताचा जन्म गोठ्यात झाला आणि सुताराच्या घरी तो वाढला. म्हणूनच ख्रिस्ती धर्मविचारात हातांच्या कष्टांना ईश्वरसेवेचे मोल आहे. नाताळच्या मंगल दिवशी, हा विचार प्रत्यक्ष जगलेल्या एका महाराष्ट्रीय विदुषीचे स्मरण करणे उचित ठरेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. मातेकडून ती विद्या कन्येस लाभली. पुढे दुष्काळात माता, पिता व बहीण यांचा अंत रमाबाईंना पाहावा लागला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या अर्पण केल्या. परंतु त्या भुकेची आठवण पदव्यांनी पुसली नाही. १८८० मध्ये विवाह झाला, १८८२ मध्ये वैधव्य आले आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म पालटला, तरी साडी व शाकाहार सुटला नाही. ख्रिस्ताचे होण्यासाठी इंग्रज व्हावे लागत नाही, ही त्यांची धारणा होती.

१८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी 'शारदासदन' काढले. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळू लागल्या, तेव्हा मोठे वादळ उठले. १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या पालकांची व्यथा खरी होती. पण कित्येक विधवांना दुसरा आसरा नव्हता, हेही तितकेच खरे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुलींना केडगावी घेऊन आल्या. तेथील 'मुक्तिसदना'त प्रार्थनेइतकेच काम महत्त्वाचे मानले जाई. शेती, विणकाम, स्वयंपाक, छपाई ही कामे मुली शिकत. दानावर पोट भरते, पण मान कष्टाने मिळतो, हे रमाबाईंनी ओळखले होते.

उतारवयात हिब्रू व ग्रीक अभ्यासून त्यांनी खेड्यातील साध्या स्त्रीला उमजेल अशा मराठीत बायबल उतरविले. आश्रमातील स्त्रियांनीच त्याचे खिळे जुळविले. १९२१ साली मनोरमा गेली. तरी मातेने हाती घेतलेले काम टाकले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांच्या धर्मांतराविषयी मतभेद राहतील. परंतु देवाचे नाव घेणाऱ्याने दुःखितांसाठी हात झिजवावेत, ही त्यांची शिकवण कोणत्याही देवघरात परकी वाटणार नाही.